आयपीची वकिली, मुक्काम पोस्ट कोल्हापूर

१६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या म्हणून केलेली जनहित याचिका फेटाळली तेव्हा आमच्या इथं चहाच्या गाड्यापासून बाररूमपर्यंत एकच विषय होता, आणि बहुतेकांचं म्हणणं एवढंच की प्राडासारख्या कंपनीपुढं कोर्टही काही करत नाही. मला तेव्हापासून हे सगळ्यांना बसवून सांगायचंय की कोर्ट असं म्हणालेलंच नाहीये. कोर्टाने विचारलेला प्रश्न साधा होता, तुम्ही कोण? याचिका घेऊन गेले होते वकील, आणि चपलेचं भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय ज्यांच्या नावावर आहे ते महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर ही दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळं. ज्यांचा हक्क आहे ते स्वतः येऊ शकतात की, मग जनहित याचिका कशाला, असा त्याचा अर्थ.

आता याच्यापुढची गोष्ट, जी टीव्हीवर कुणीच सांगितली नाही. जीआयच्या १९९९ च्या कायद्यात कलम २१ आहे, त्यात दावा करायचा अधिकार फक्त महामंडळाला दिलेला नाही, नोंदणीकृत वापरकर्त्यालाही दिलाय. म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतला जो कारागीर स्वतःचं नाव चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत वापरकर्ता म्हणून नोंदवून घेतो, तो उद्या स्वतःच्या नावाने कोर्टात उभा राहू शकतो. त्याला कुणी विचारणार नाही की तू कोण. अर्थात जीआय भारतापुरताच, मिलानच्या रॅम्पवर तो चालत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण इथल्या ऑनलाइन बाजारात रेक्झिनच्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून रोज विकल्या जातायत त्यांच्यावर तर चालतो ना. प्राडाने पुढं दोन्ही महामंडळांशी करार केला, इथल्या कारागिरांकडून चपला करून घ्यायचं ठरलं, चांगलंच आहे. पण रेक्झिनवाला काही करार करायला येणार नाही, त्याच्यासाठी कारागिराचं नाव रजिस्टरवरच हवं.

मी हे काम करते, आयपीचं म्हणजे बौद्धिक संपदेचं. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे, ट्रेडमार्क, कॉपीराइट, सॉफ्टवेअरचे करार, आणि गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या केसेस. आधी मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये होते. परत आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कोल्हापुरात आयपीचं काय काम मिळणार? जमिनीचे दावे बघ, मोटार अपघात बघ, वाटपाचे दावे तर कधीच संपत नाहीत. मला उलट वाटत होतं, आणि आता तर अगदी ठाम वाटतं, की या कामाचा माल सगळा इथंच आहे. चप्पल इथं, गूळ इथं, साज इथं, इचलकरंजीचं कापड इथं, तालमी इथं, आणि पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांसाठी घरात बसून कोड लिहिणारी पोरंही इथंच. वकील तेवढा मुंबईत आणि दिल्लीत होता.

सुभाषनगरातल्या एका कारागीर काकांचा वापरकर्ता नोंदणीचा अर्ज करायला बसलो होतो. घरातच कारखाना, दारात पाण्याच्या भांड्यात कातडं भिजत घातलेलं, बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा तो वास जो एकदा नाकात बसला की बसला. काका रापीने तळ कापत होते, बोलताना हात थांबत नव्हता. म्हणाले, "मॅडम, माझं नाव कागदावर कशाला पायजे? चप्पल बगून गिऱ्हाईक वळखतंय." मी म्हटलं, काका, ओळखतं ते तुम्हाला का दुकानदाराला? तर हात थांबला. कारण चपलेवर शिक्का असतो तो चप्पल लाईनीतल्या व्यापाऱ्याचा. काकांचं नाव असतं व्यापाऱ्याच्या डायरीत, जोड्यांच्या हिशोबापुढं, तेही आडनाव नसलेलं. पिढ्यान् पिढ्या चपला केल्याचा पुरावा द्या म्हटलं की या माणसाकडं दाखवायला काही नाही, आणि त्याच्या हाताखालची चप्पल मात्र शंभर फूट लांबून ओळखू येते.

मग मी विचारलं, वेणी कोण घालतं? काकू आतून म्हणाल्या, "मीच की. आन् सासूबाई होत्या तवर त्या." पट्ट्यावरची ती बारीक चामड्याची वेणी, कानाची शिलाई, गोंडा, हे बहुतेक घरांत बायका करतात, आणि अर्ज मात्र पुरुषाच्या नावाने जातो, कारण फॉर्म भरणारा विचारतच नाही. आम्ही दोन अर्ज केले. काकूंच्या प्रतिज्ञापत्रात वेणीचं वर्णन लिहिताना मला पाच-सहा वेळा खोडावं लागलं, किती पदरांची, ओली असताना घालायची का सुकल्यावर, कापशी चपलेची वेगळी आणि कुरुंदवाडीची वेगळी कशी, बक्कलनाळी प्रकाराला ती लागते का. काकू शांतपणे सांगत होत्या आणि माझी ज्युनिअर फोनवर रेकॉर्ड करत होती. आता हे मुंबईच्या ऑफिसातून ईमेलवर होईल का? फॉर्म भरून होईल, त्यात 'पारंपरिक पद्धतीने उत्पादन' असं एक वाक्य येईल, आणि उद्या कोर्टात उलटतपासणी झाली की त्या एका वाक्याने काही सिद्ध होणार नाही. पुरावा त्या खोलीत आहे, म्हणून वकिलाने त्या खोलीत जायचं.

लोकांना वाटतं आयपी म्हणजे हायकोर्ट, सूटबूट, विदेशी कंपन्या. मुंबई शहर सोडलं तर महाराष्ट्रात ट्रेडमार्कचा दावा पहिल्यांदा जिल्हा न्यायालयातच जातो. पुण्याच्या बर्गर किंगची केस घ्या. अमेरिकेच्या बर्गर किंग कॉर्पोरेशनने २०११ साली दावा लावला, पुण्यातल्या एका इराणी दाम्पत्याच्या हॉटेलावर, नाव वापरू नका म्हणून. हे हॉटेल १९९२ च्या सुमारापासून चालू आणि कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं २०१४ ला. तेरा वर्षं चाललं ते प्रकरण, आणि २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला, कारण इथं ते नाव आधी या हॉटेलाने वापरलेलं होतं. मग कंपनी अपिलात गेली, डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील निकाली निघेपर्यंत नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एवढी वर-खाली झाली, पण सगळ्याचा पाया काय, तर पुण्यातल्या कोर्टात दाखल झालेले जुने कागद. त्या काळातला एखादा परवाना, बिलबुक, मेनू कार्ड. असले कागद माळ्यावरच्या ट्रंकेत असतात आणि ते शोधायला घरचं माणूस आणि घरी येऊ शकणारा वकील लागतो. मी आता प्रत्येक क्लायंटला पहिल्या भेटीत हेच सांगते, जुनं काही फेकू नका, उंदरांनी खाल्लेलं बिलबुकसुद्धा आणा.

आमच्याकडं या केसेस बहुतेक भाऊबंदकीतून येतात. वडिलांनी मसाल्याचं नाहीतर मिसळीचं दुकान काढलं, आडनावावरच चाललं, मग दोन भाऊ वेगळे झाले, जमीन वाटली, घर वाटलं, भांडीसुद्धा वाटली, पण नाव कुणाचं हे वाटणीपत्रात कुणी लिहिलंच नाही. मग एकजण गुपचूप ट्रेडमार्कचा अर्ज करतो. ऑनलाइन ४,५०० रुपये फी, छोट्या माणसाला एवढीच, मोठ्या कंपनीला ९,०००. अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतो आणि तिथून चार महिन्यांत हरकत घ्यावी लागते, पण दुसरा भाऊ जर्नल कशाला वाचतोय. त्याला कळतं ते नोटीस आल्यावर, आणि तोवर दोघांच्या बायकामुलांचंही बोलणं बंद झालेलं असतं. आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कायद्यात कलम ३५ चं संरक्षण आहे, पण मी अशा वेळी कलम नंतर काढते, आधी दोघांना वेगवेगळं बोलावते, आई हयात असेल तर आईलाही. एक लेखी समझोता, कोणत्या शहरात कोण, बोर्डावर काय लिहायचं, रंग कुणाचा. कोर्टात जिंकलेल्या केसपेक्षा मला असले समझोते जास्त मोलाचे वाटतात. चांगला वकील हे कुठंही करेल, पण सोमवार पेठेतला मोठा भाऊ आणि राजारामपुरीतला धाकटा यांच्यात नेमकं कशावरून बिनसलंय हे ज्याला आधीपासून माहीत आहे त्याचं काम लवकर होतं.

दिल्लीचा एक वेगळा त्रास आहे. एखादा छोटा दुकानदार, मोबाइलची कव्हरं किंवा बूट विकणारा, त्याच्या दुकानात एके दिवशी एक अनोळखी वकील येतो, बरोबर लोकल पोलीस, हातात दिल्लीच्या कोर्टाचा आदेश, आणि तो सांगतो की मी लोकल कमिशनर म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस आहे, माल मोजायचाय. सगळा माल गोण्यांत भरून सील होतो, पावतीवर सही घेतात, दुकानदार थरथरत असतो. माल नकली असेल तर कारवाई व्हायलाच पाहिजे, त्यात मला दुमत नाही. पण तारखेला दिल्लीला जायचं म्हटलं की जो निर्दोष आहे तोही पैसे देऊन मिटवून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध संजय दालिया या खटल्यात यालाच आळा घातला, की तुमचं ऑफिस जिथं आहे तिथंच जर वादाचं कारणही घडलं असेल तर प्रतिवादीला लांबच्या कोर्टात ओढू नका. हा निकाल इथल्या किती दुकानदारांना माहीत असेल? आणि इथल्या किती वकिलांना? मी बारमध्ये दोन-तीनदा यावर बोलले तेव्हा सीनिअर मंडळीसुद्धा शेवटी झेरॉक्स मागून घेऊन गेली.

सॉफ्टवेअरचं मात्र वेगळंच. इथं भांडण उभं राहायच्या आधी कुणी वकिलाकडं येतच नाही. राजारामपुरीत खोली घेऊन चार मित्र काम करतात, एखाद्या साखर कारखान्याला नाहीतर दूध संस्थेला प्रोग्रॅम करून देतात, ऊस नोंदणीपासून काटा पावतीपर्यंत सगळं, आणि करार काय तर व्हॉट्सअॅपवर 'ओके सर'. मग संस्थेचे संचालक बदलतात आणि नवे म्हणतात की पैसे आम्ही दिले म्हणजे कोड आमचा. पोरं म्हणतात आम्ही लिहिला म्हणजे आमचा. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा इथं पोरांच्या बाजूला आहे. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेलं मालकाचं, पण बाहेरच्या माणसाने काम घेऊन लिहिलेलं त्याचंच राहतं, जोवर तो सही करून लेखी देत नाही. आणि लेखी दिलं तरी किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. कलम १९ एवढंच आहे. मी पोरांना सांगते की एका पानाचा करार करा, मराठीत केला तरी चालतो, पण कोड कुणाचा, दुरुस्ती कोण करणार, आणि काम सोडलं तर डेटा कसा परत द्यायचा, ही तीन वाक्यं त्यात पाहिजेतच. पतसंस्थांना तर आता २०२३ चा डेटाचा कायदाही लागू होणार, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि अजून सभासदांच्या आधारचे फोटो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतायत. यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

खरं मला लिहायचंय ते तालमीबद्दल.

कोल्हापूर म्हणजे कुस्ती हे सांगायची गरज नाही, शाहू महाराजांनी खासबाग बांधलं, इथल्या लाल मातीत देशभरातली पोरं येऊन जोर-बैठका मारतात, आणि १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं ते गोळेश्वरचे असले तरी घडले राजाराम कॉलेजच्या दिवसांत, इथंच. आता या पोरांच्या आयुष्यात एक नवीन गोष्ट आलीये, लघवीचा नमुना. वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, तिच्या २०२४ च्या आकड्यांत भारतात २६० नमुने पॉझिटिव्ह होते. त्यातली काही पोरं मुद्दाम घेणारी असतात, ते मी नाकारत नाही आणि त्यांची बाजू घ्यायचीही मला इच्छा नाही. पण काही पोरं अशी असतात की ज्यांना आपण काय प्यायलो हेच माहीत नसतं.

एका वस्तादांचा रात्री उशिरा फोन आला होता. तालमीचं आणि पोराचं नाव, गाव, वजनगट काहीच लिहीत नाही. "ताई, पोराला काय तरी मेल आलाय म्हणं, लई घाबरलंय." मेल आला होता त्याला बरेच दिवस होऊन गेले होते. पोराचा ईमेल त्याच्या मावसभावाने काढून दिलेला, कुठल्यातरी स्पर्धेचा फॉर्म भरताना, आणि पासवर्डही मावसभावाकडंच. डोपिंगच्या नियमांत आरोपाच्या नोटिशीपासूनच्या २० दिवसांना फार महत्त्व आहे. चार वर्षांची बंदी येऊ शकते अशा केसमध्ये खेळाडूने त्या मुदतीत चूक मान्य करून शिक्षा स्वीकारली तर एक वर्ष कमी होतं. एक वर्ष म्हणजे पैलवानाच्या आयुष्यात काय असतं ते वस्तादांना विचारा. ती मुदत इनबॉक्समध्ये न उघडलेल्या मेलमध्ये निघून चालली होती आणि हे पोरगं रोज पहाटे चार वाजता उठून मेहनत करत होतं.

मी सकाळीच तालमीत गेले. बायका शक्यतो कुस्तीच्या हौद्याजवळ जात नाहीत म्हणून मी बाहेर पायरीवर बसले, वस्तादांनी स्वतः चहा आणला. मला बघायचा होता तो डबा. पावडरचा डबा, अर्धा संपलेला, जिममधल्या ओळखीच्या कुणीतरी विकलेला, बिल नाही. मी विचारलं, खुराक कोण करतं? पाळीने करतात, थंडाई घोटणं, बदाम सोलणं, स्वयंपाक, सगळं पोरंच करतात, आणि त्या डब्यातली पावडर तिघं घेत होती. हे तिघंजण फार महत्त्वाचे होते, कारण एकाच डब्यातून तिघं घेत असतील आणि कुणालाच काही माहीत नसेल, तर लपवून घेतल्याचा संशय बराच कमी होतो. नमुना घेताना जो फॉर्म भरतात त्यात अलीकडं काय काय घेतलं ते लिहायचं असतं. पोराने लिहिलं होतं फक्त 'प्रोटीन'. इंग्रजी फॉर्म, समोर अधिकारी, कुस्ती करून आलेला थकवा, त्याला तेवढंच सुचलं. पण त्या एका शब्दाने नंतर त्याला खूप आधार दिला, कारण त्याने काही लपवलं नव्हतं हे कागदावर आलं.

डोपिंगचा कायदा कडक आहे. तुमच्या शरीरात सापडलं की जबाबदार तुम्हीच, हेतू काय होता ते नंतर. मुद्दाम घेतलं नाही हे दाखवायचं तर व्यवहारात ते शरीरात आलं कुठून हे पटवावं लागतं, नुसतं 'मला माहीत नाही' चालत नाही. उघडलेला डबा तपासून उपयोग थोडाच, त्यात कुणीही काही मिसळू शकतं असं म्हणतात, म्हणून त्याच बॅचचा सीलबंद डबा शोधावा लागतो. वस्ताद आणि दोन पोरं मोटरसायकलवरून सांगली, मिरज, इचलकरंजीची दुकानं फिरली, बॅच नंबरचा फोटो हातात घेऊन. मिळाला. आता तो नंबर घेऊन फिरायला मुंबईची फर्म माणूस पाठवेल का, आणि त्याचं बिल कोण भरेल? सुनावणी ऑनलाइन झाली, माझ्या ऑफिसात, पोरगं शर्ट इन करून ताठ बसलं होतं आणि दर प्रश्नाला आधी वस्तादांकडं बघत होतं. बंदी आली, पण चार वर्षांची नाही, बरीच कमी. तो परत खेळेल.

नरसिंग यादवची केस मी प्रत्येक वस्तादांना सांगते. २०११ ते २०१३ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, म्हणजे आपल्याकडं त्याला कुणी ओळखत नाही असं नाही. २०१६ ला रिओच्या तोंडावर नमुना पॉझिटिव्ह आला, त्याचं म्हणणं की कुणीतरी घातपात केला, १ ऑगस्टला नाडाच्या म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या पॅनेलने त्याला निर्दोष सोडलं, सगळ्यांनी पेढे वाटले. मग वाडा आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडं गेली, रिओतच सुनावणी झाली, आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी. लवादाला घातपाताची गोष्ट पटली नाही, कारण तज्ज्ञाच्या मते त्या पदार्थाचं प्रमाण गोळी घेतल्यासारखं होतं. यातून मला एकच दिसतं की देशातला निकाल शेवटचा नसतो, आणि पहिल्याच पॅनेलपुढं शास्त्रीय पुरावा भक्कम मांडला नाही तर वरच्या लवादापुढं नुसत्या गोष्टीवर निभत नाही. विनेश फोगटचं प्रकरण २०२४ चं आहे, १०० ग्रॅम जास्त भरलेल्या वजनाचं, तेही त्याच लवादाकडं गेलं आणि तिचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा इथल्या तालमीतली पोरं रात्रभर मोबाइल घेऊन बसली होती. त्यांना नियम समजून घ्यायचे असतात हो, कुणी सांगत नाही एवढंच.

आता त्या तालमीत एक वही आहे. कुठला डबा, कधी आणला, बिल चिकटवलेलं, बॅच नंबर, कोण कोण घेतं. लिहायचं काम दहावी झालेल्या एका पोराकडं दिलंय, अक्षर चांगलं आहे म्हणून. आणि प्रत्येकाचा ईमेल प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर, हे वस्तादांनी जोर-बैठकांइतकंच सक्तीचं केलंय.

पदक मिळालं की वेगळे प्रश्न. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा कोल्हापुरात फ्लेक्सला जागा उरली नव्हती, आणि तो आनंद खराच होता. पण शुभेच्छुक म्हणून फोटो लावणं आणि आपल्या क्लासची किंवा जिमची जाहिरात म्हणून लावणं यात फरक आहे. त्याच ऑलिंपिकनंतर मनू भाकरच्या एजन्सीने परवानगी न घेता तिचे फोटो वापरणाऱ्या ब्रँडना नोटिसा पाठवल्या होत्या. आपल्याकडच्या पोरांना एजन्सी नसते, वडील असतात, आणि वडिलांना कुणाला नाही म्हणायचा संकोच वाटतो. आवाजाचंही तसंच, सप्टेंबर २०२५ मध्ये आशाताईंच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला. आशाताई जन्माने सांगलीच्या. इथल्या एखाद्या शाहिराचा नाहीतर गोंधळ्याचा आवाज उद्या असाच उचलला गेला तर त्याला मुंबईपर्यंत कोण नेणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मुंबईचं अंतर एका बाजूने कमी झालंय हेही खरं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सुनावण्या आता व्हिडिओवर होतात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या आवारात, सहा जिल्ह्यांसाठी, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. चाळीसहून जास्त वर्षं वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली, माझ्या सीनिअरांची उमेदीची वर्षं गेली त्यात, काहीजण ते बघायला राहिले नाहीत. त्या दिवशी पेढे वाटताना कितीतरी जणांचे डोळे भरून आले होते. आता रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने फाइल घेऊन मुंबईला जायचं, सकाळी कुठंतरी आवरून कोर्टात उभं राहायचं आणि मॅटर बोर्डावर पोचलंच नाही म्हणून परत यायचं, हे बऱ्याच कामांपुरतं तरी थांबलं.

पण इमारत आली म्हणून या विषयाचे वकील आपोआप येत नाहीत. लॉ कॉलेजात आयपीचा पेपर असतो, पण पोरं तो पास होण्यापुरता वाचतात, कारण इथं त्यात पोट भरेल असं कुणी सांगत नाही. बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही, नियम ३६, आणि मला तो नियम योग्यच वाटतो, पण त्यामुळं कारागिराला कळतच नाही की त्याच्या गावातच हे काम करणारं कुणी आहे. आणि पैशाचं काय? मसाल्याचा कारखाना फी देतो, सॉफ्टवेअरवाले देतात, त्यावर माझं ऑफिस चालतं. काका-काकू काय देणार आणि तालीम काय देणार. मी घेत नाही, पण एक वकील घेत नाही यावर व्यवस्था उभी राहत नाही.

व्यवस्था म्हणून कायदा आहे, आणि तो १९८७ चा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि १८ च्या आतल्या मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे. आमचे चप्पल कारागीर बहुतांश चर्मकार समाजातले, वेणी घालणाऱ्या त्यांच्या घरच्या बायका, तालमीतली कोवळी पोरं, मुलींच्या कुस्तीतल्या सगळ्या मुली, ही मंडळी या एका कलमात बसतात. मग अडतं कुठं, तर जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवर पोटगी, जामीन, भाडेकरू, अपघात या कामांचे वकील आहेत, चांगले आहेत, पण जीआयचा, कॉपीराइटचा किंवा डोपिंगचा एकही नाही. म्हणून बारमधल्या आम्ही काही जणांनी प्राधिकरणाला द्यायचा अर्ज तयार केलाय. पॅनेलवर या विषयांची वेगळी यादी करा, महिन्यातून एकदा सुभाषनगरात वापरकर्ता नोंदणीचं शिबिर घ्या, आणि तालमींना कायद्याचा एक फोन नंबर द्या जो रात्रीही उचलला जाईल. कारागीर काकांनी सही केली, काकूंनी वेगळी केली. वस्तादांची सही यायची आहे, ते पोरांना घेऊन मैदानाला गेलेत, परत आले की अर्ज जातोय.